पाणी हटेपर्यंत

बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की बीडहून पालीपर्यंत दुचाक्यांची रीघ लागते. माजलगावचं धरण भरलं की जलपूजनाला पुढारी येतात, पायथ्याशी भजी-कणसांचे गाडे लागतात आणि म्हातारी माणसं नातवंडांना पाणी दाखवायला रिक्षा करून येतात. आमच्याकडे पाणी बघायला जाणं ही सहल असते. पावसाची सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास आणि तीही पुष्कळदा कागदावरच राहणारी, अशा जिल्ह्यात यात नवल काही नाही. या गर्दीत उभं राहून ‘पाणी जरा जास्तच झालं’ असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. माझीही होत नाही. पण सप्टेंबर संपता संपता दुर्बीण गळ्यात अडकवून काठावर गेलो आणि पाणी थेट बाभळीच्या खोडांना भिडलेलं दिसलं, की मन खट्टू होतं. भरलेल्या धरणाकडे बघून खट्टू होणारा माणूस बीड जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, त्यामुळे हे कुणाला सांगताही येत नाही.

कारण साधं आहे. या दिवसांत उत्तरेकडून जी पाखरं सगळ्यांत आधी उतरतात, त्यातली बरीचशी पाण्यातली नसतात, काठावरची असतात. टिलवे, तुतवार, चिखल्या. बदकासारखं पोहत राहणं, बुडी मारणं त्यांच्या कुळात नाही. त्यांना हवा असतो बोटभर पाण्याखालचा मऊ गाळ आणि त्यातल्या अळ्या. छोटा टिलवा घ्या. चिमणीएवढा जीव, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, पाय बोटाच्या पेराएवढा. मी माजलगावच्या फुगवट्याच्या टोकाला पालथा पडून त्याला जवळून चरताना पाहिलं आहे. मान खाली घालून तो शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवत पुढं सरकतो, आणि मागं गाळावर बारीक भोकांची रेघ उमटत जाते. पाणी त्याच्या पोटाला लागलं की त्याचं काम बंद. वीस पावलं आत दहा पुरुष पाणी आहे की हात-दोन हात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याचं धरण म्हणजे काठाची ती वीतभर पट्टी. धरण तुडुंब भरलं की ती पट्टी बाभळीत, घाणेरीत, कुणाच्या तरी उसात जाऊन बसते आणि टिलव्याच्या दृष्टीनं धरण नाहीसं होतं.

हा टिलवा जन्माला येतो सैबेरियाच्या उत्तर टोकाला, टुंड्रात, जिथं झाड म्हणून उगवत नाही. तिथला उन्हाळा इतका आखूड, की पिल्लं मार्गाला लागली न लागली तोच आई-बाप दक्षिणेची वाट धरतात. पिल्लं मागाहून निघतात, आपापली. वाट दाखवायला सोबत मोठं कुणी नसतं. निघायचा दिवस तिथला वारा ठरवतो, पण निघायचा महिना ठरवतो तो उजेड. दिवस लहान व्हायला लागले की पाखराच्या अंगात काहीतरी हलतं, भूक वाढते, चरबी साठते, रात्री स्वस्थ बसवत नाही. उजेडाचं हे घड्याळ हजारो वर्षांत चुकलेलं नाही, कारण पृथ्वीच्या कलण्यात म्हणण्यासारखा फरक पडलेला नाही. फरक पडला आहे तो मुक्कामाच्या ठिकाणी. इकडं पाणी कधी चढणार आणि कधी हटणार, याचं वेळापत्रक ढगांच्या हातात असतं, आणि ढग अलीकडं कुणाचंच ऐकेनात. निघताना त्या पिल्लाला बीडचा पाऊस ठाऊक असायचं कारण नाही. उत्तरेतला उजेड आणि दक्षिणेतला गाळ ही दोन पंचांगं पूर्वी बऱ्यापैकी जुळायची. आता एक जागेवर आहे आणि दुसरं वाटेल तसं हलतं.

वर्तमानपत्रं मात्र दर वर्षी एकच मथळा छापतात : ‘पाहुण्या पक्ष्यांनी पाठ फिरवली’. दुष्काळ असला तरी हाच, अतिवृष्टी झाली तरी हाच. मथळा खोटा नसतो, पण पाखरू रुसून पाठ फिरवत नाही. पुढं जातं. जायला त्राण उरलं असेल तर.

आमच्या जिल्ह्यानं गेल्या दहा-बारा वर्षांत दोन्ही टोकं पाहिली. २०१५ च्या पावसाळ्यात धरणं भरलीच नाहीत. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण, जे आमच्या केज तालुक्यात धनेगावला आहे, ते कोरडं पडलं होतं. त्या हंगामात काठ शोधायची गरज नव्हती, सगळा तळच काठ झाला होता. पण गाळ वाळून त्याच्या खपल्या निघाल्या की टिलव्याला त्याचा काही उपयोग नाही. आधी महिनाभर पाखरांची चंगळ, मग शुकशुकाट. माझा अनुभव असा, की धरण अर्ध्यापेक्षा थोडं जास्त भरून दसऱ्याच्या सुमाराला हळूहळू उतरायला लागलं, तर काठाला खरी जत्रा भरते. धरणाच्या मालकांना, म्हणजे आम्हा सगळ्यांना, असं वर्ष नकोच असतं. आम्हाला ते शंभर टक्के भरायला हवं. आणि ज्यानं उन्हाळाभर टँकरमागं घागरी घेऊन धाव घेतली आहे, त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की साठ टक्के बरे?

२०१९ चं साल मला विसरता येत नाही. त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांसोबत छावणीतच राहायला गेली होती. पावसाळ्याचा पहिला भाग तसाच रडतखडत गेला. आणि मग पाऊस जायचं नावच घेईना. एरवी सप्टेंबरात राजस्थानातून मान्सून माघारी निघायला लागतो. त्या वर्षी तो ९ ऑक्टोबरला निघाला, तोवरच्या नोंदींतली सर्वांत उशिराची माघार. हिंद महासागराचा पश्चिम भाग तापला होता. अरबी समुद्रात ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ उठलं, त्याच्या पाठोपाठ ‘महा’. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आमच्या गावांत काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजींना कोंब फुटले आणि कापसाची बोंडं झाडावर काळी पडली. ‘पडल्या स्वाती तर पिकतील मोती’ असं म्हणणाऱ्यांनी बहुधा एका सरीची कल्पना केली असावी. स्वातीभर रोज पाऊस, ही कल्पना त्यांच्या डोक्यात आली नसणार.

त्या ऑक्टोबरात मी आष्टी-पाटोद्याकडच्या माळांवर भोवत्यांची वाट पाहत हिंडलो. हा शिकारी पक्षी माझा फार लाडका. लांब पंख, गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं तरंगत जाणं, मध्येच गपकन वळून खाली झेपावणं. मॉन्टेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे दोघंही कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यातून आमच्या माळांवर हिवाळा काढायला येतात, आणि इथं त्यांचं मुख्य अन्न म्हणजे टोळ-नाकतोडे. रात्री ते झाडावर बसत नाहीत. गवतात, जमिनीवर, दहा-वीस-पन्नास एकत्र येऊन मुक्काम करतात. आता बघा, पाऊस लांबला की या पक्ष्याचं काय काय बिघडतं. ऊन नाही, म्हणजे जमीन तापत नाही, म्हणजे वर चढायला गरम हवेचे झोत मिळत नाहीत, आणि फुकटात होणारा प्रवास पंख मारत करावा लागतो. गवत कमरेएवढं वाढून ओलं लोळलेलं, त्यातला नाकतोडा वरून दिसत नाही. आणि रात्रीच्या मुक्कामाची जमीन ओलीकच्च. पावसानं गवत वाढलं म्हणजे गवताळ पाखरांचं भलं झालं, असा हिशेब शहरातल्या खोलीत बसून मांडता येतो. माळावर तो टिकत नाही. त्यात आता माळावर माळ तरी कुठं राहिलाय! पवनचक्क्या आल्या, सोलरच्या काचा आल्या, उरलेल्यात वनखात्यानं चर खणून झाडं लावली. गवत ही काही जमिनीची रिकामी अवस्था नव्हे, हे आमच्या गावी नाही.

त्याच काळात आणखी एक शिकारी पक्षी आमच्या आकाशातून जात असतो, न थांबता. अमूर ससाणा. वजन दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर, लाल पाय. चीनच्या ईशान्येकडून तो नागालँड-मणिपुरात येतो, वाळवी खाऊन लठ्ठ होतो आणि नोव्हेंबरात तिथून उठतो तो थेट आफ्रिकेकडे. भारतीय वन्यजीव संस्थेनं २०१३ पासून काही ससाण्यांच्या पाठीवर बारीक ट्रान्समीटर बसवले. नकाशावर त्यांची रेघ मध्य भारत आणि महाराष्ट्र तिरपा कापून अरबी समुद्रात शिरते आणि सोमालियाच्या किनाऱ्याला लागते. पाच-सहा दिवस, पाच हजारांहून जास्त किलोमीटर, खाली टेकणं नाही. हे जमतं ते पाठीमागच्या वाऱ्यामुळं. पावसाळा सरला की वारा फिरतो, ईशान्येकडून नैऋत्येकडे वाहू लागतो, आणि त्या वाऱ्यावर ससाणे निघतात. त्यांच्यासारखेच भारतातून निघालेले चतुरही समुद्र ओलांडून मालदीवमार्गे आफ्रिकेला जातात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९ मध्ये मांडलं. ससाण्यांना वाटेत शिदोरी मिळते ती बहुधा याच चतुरांची. इतका सगळा डोलारा एका वाऱ्याच्या भरवशावर उभा. आणि नेमका त्याच समुद्रात वादळांचा सुळसुळाट वाढला आहे. गेल्या चार दशकांत अरबी समुद्रातली चक्रीवादळं वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं.

त्याच २०२१ मध्ये एका वादळानं आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट घरपोच समजावली. ‘गुलाब’ २६ सप्टेंबरला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर चढलं. एवढं आत येईपर्यंत वादळं मरतात. हे मेलं नाही. तेलंगणावरून मराठवाड्यात आलं, मांजराचे दरवाजे उघडावे लागले, केज-अंबाजोगाईकडची नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. मग ते तसंच पश्चिमेला सरकत अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा बाळसं धरून ‘शाहीन’ झालं आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळलं. बंगालच्या उपसागरातून अरबस्तानापर्यंत, भारत आडवा ओलांडून. चातक आफ्रिकेकडे परततो ते दिवस हेच. जूनमध्ये तो आला की आपण त्याच्यावर कविता करतो. तो जातो कधी, हे कुणी विचारत नाही.

आणि २०२५. त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच येऊन बसला. सप्टेंबरात मराठवाड्यावर जे कोसळलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आष्टी तालुक्यातल्या कड्याला पुरानं वेढलं. सिंदफणेनं शिरूर कासारपासून माजलगावपर्यंत काठ सोडला. जायकवाडीतून लाखो क्युसेक पाणी गोदावरीत सुटलं आणि गेवराईकडची गावं नदीच्या पोटात गेली. पुराला काठ नसतो असं नाही, पण तो तासातासाला हलतो, आणि हलत्या काठावर अळी धरत नाही. पाणी ओसरल्यावर जे उघडं पडलं तो गाळही नव्हता. मऊ काळी माती वाहून गेली, खाली मुरूम आणि गोटे राहिले. तलाठ्याच्या पंचनाम्यात याला ‘जमीन खरडून गेली’ म्हणतात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो होतो. पंचनाम्यासाठी फोटो काढायला त्याला मोबाइल नीट जमत नव्हता, म्हणून. सोयाबीन उभ्या उभ्या सडलेलं, वास नाकात जाणारा, सऱ्यांमध्ये वीतभर पाणी. त्या पाण्यात ठिपकेदार तुतवार चरत होते, चांगला थवा. धरणाचा काठ त्यांना मिळाला नव्हता, तो त्यांनी इथं शोधून काढला होता. सडक्या पिकात किड्यांना काय तोटा? एरवी एवढ्या जवळून तुतवार दिसला असता तर मी तासभर हललो नसतो. इथं गळ्यातली दुर्बीण शर्टाच्या आत सरकवली. शेतकऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

“बघा की सर,” तो म्हणाला, “आमचं गेलं, त्यांचं तरी भागतंय. कुठून आलेत म्हणायचे हे?”

सैबेरिया म्हणालो. त्यानं बांधावर बसत विचारलं, “तिकडंबी पाऊस लई झाला का काय?”

या प्रश्नाला मी हसलो नाही, कारण तो बरोबर जागी लागला होता. पाखरं ढळतात ती इथल्याच पावसानं असं नाही. उत्तरेतली थंडीही आता पूर्वीची राहिलेली नाही. युरोपात काही हंस आणि बदकं हिवाळ्यासाठी पूर्वीइतकी लांब जातच नाहीत, वाटेतलं पाणी गोठत नसेल तर तिथंच थांबतात. आमच्याकडे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उशिरा येतात किंवा कमी येतात तेव्हा सगळा दोष आमच्या धरणाच्या माथी मारता येत नाही.

पाणथळ पाखरांना पर्याय म्हणून मी एके काळी शेततळ्यांकडे आशेनं पाहत होतो. जिल्ह्यात त्यांची संख्या चांगलीच वाढली आहे. पण प्लास्टिकचं अस्तर घातलेल्या उतारावर ना गाळ धरतो ना शेवाळं. पाखरू कडेला उतरतं, घसरतं आणि उडून जातं. पाणी असून काठ नसणं म्हणजे काय, ते तिथं अगदी हातभरावर दिसतं.

पाऊस लांबल्याचा आणखी एका स्थलांतराला फटका बसतो, आणि बीडवर लिहिताना ते टाळता येत नाही. दसरा-दिवाळीच्या दरम्यान आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाखरं यायच्या वेळेला गावं रिकामी होतात. या दोघांची तुलना करणारं बरंच वाचायला मिळतं आणि त्यातलं बरंचसं मला पटत नाही. पाखरू मुकादमाकडून उचल घेऊन निघत नाही आणि परतताना त्याच्या अंगावर कर्ज नसतं. खरा संबंध वेगळा आहे, आणि तो चिखलातून जातो. उसाच्या फडात ट्रॅक्टर रुतायला लागला की कारखाने पेटत नाहीत. कारखाना पेटला नाही की कोयत्याची जोडी उचल खाऊन घरात बसते, पोरांच्या शाळेचं धड इकडं ना तिकडं. रब्बीच्या ज्वारीला वाफसा येत नाही, पेरणी पुढं जाते. ज्वारी मागास झाली की कणसात दाणा भरायच्या वेळेला येणाऱ्या भोरड्यांचं गणितही चुकतं. भोरड्या म्हणजे गुलाबी मैना, पळसमैना. मध्य आशियात टोळांवर पिल्लं वाढवून त्या ऑगस्टपासूनच इकडं यायला लागतात आणि पळस फुलून सरेपर्यंत राहतात. लहानपणी माळ्यावर चढून गोफण भिरकावायची ती यांच्यावरच. आता ज्वारीची जागा सोयाबीन आणि उसानं घेतली, गोफण विणणारी माणसं संपत आली, आणि भोरड्यांचे ढग संध्याकाळी उसाच्या फडात मुक्कामाला उतरतात. तो फडही कुणाच्या तरी कोयत्याची वाट पाहत उभा असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायका रोहित पक्षी माझ्यापेक्षा जास्त पाहतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या शाळेत टीसी न्यायला आलेल्या एका मावशींना भिंतीवरचं रोहिताचं चित्र दिसलं. “हे लाल पायाचे व्हय? उजनीच्या पाण्यात ऱ्हातेत की. ट्रॅक्टरवरून दिसतेत. गेल्या साली नव्हते, पाणी लई होतं.” उजनी धरणाकाठच्या भिगवणच्या नावाड्यांकडून मी जे ऐकलं होतं, तेच यांनी ट्रॉलीतल्या बोचक्यावर बसून टिपलं होतं. धरण तुडुंब असलं की रोहित उशिरा उतरतात, दलदल उघडी पडली की येतात. पक्षीगणनेचा फॉर्म या मावशींपर्यंत कधी जायचा नाही.

माजलगावच्या फुगवट्याला एक गाळपेर करणारे काका आहेत. धरणात गेलेली जमीन त्यांच्या वडिलांची होती. पाणी हटलं की तीच जमीन वर्षाच्या पट्ट्यावर घेऊन ते हरभरा, गहू करतात. नांगरट नाही, खत नाही, ओलीवर पेरायचं. मासे धरायला थर्माकोलच्या तराफ्यावरून निघालेल्या पोरांना ते ओरडून विचारतात, काठी किती खाली गेली रे? म्हणजे पाणी किती उतरलं. तेवढंच मला विचारायचं असतं. दोघंही एकाच वितेची वाट पाहत असतो. पूर्वी पाणी दसऱ्यापासून हळूहळू मागं सरकायचं. काका वरच्या अंगाला पेरत यायचे आणि पाखरं खालच्या अंगाला चरत राहायची, दोघांच्या मध्ये चालता येईल एवढं अंतर असायचं. आता परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत धरण काठोकाठ ठेवतो, आणि मग रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी झपाट्यानं खाली येतं. हरभऱ्याची वेळ टळत आलेली असते, म्हणून काका जमीन उघडी पडेल तशी लगेच गाठतात, शक्य तितक्या खालपर्यंत. त्यांचं चुकत नाही. २०२५ च्या अतिवृष्टीनंतर वरच्या रानातलं सगळं गेलं होतं, त्यांना हाच हरभरा उरला होता. “तुमच्या पाखरांसाठी चार सऱ्या सोडू का?” असं त्यांनी मला गमतीनं विचारलं आणि लगेच पुढं म्हणाले, “सोडल्या तर शेजारचा पेरतो, सर.” टिलव्यांना काठ मिळतो तो पाणी हटल्यापासून पेरणीचा माणूस तिथं पोचेपर्यंत. आधी त्यांना दीड-दोन महिने मिळायचे. आता पाणी उशिरा हटतं आणि माणूस लवकर पोचतो.